इस्त्रीनं लावलेलं लोणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो. चहाचा कप हातात आल्यावर हसलात तर अंगावर सांडेल, आणि मग म्हणाल, रायरेंनी सांगितलं नाही. माझ्या हातून जो घोटाळा झाला ना, तो मी एक वेळ सोडली तर आजवर कुणाला धड सांगितलेला नाही. गावाला तो परस्पर माहीत आहे, ही गोष्ट वेगळी.

नवीन मंडळींसाठी सांगतो. मी टेलर. म्हैसुरात मार्केटच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे आणि तिथं चाळीस वर्षं मी कोट शिवतोय. आमचे पणजोबा कधीतरी सुईदोरा घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात कन्नड, डोकं फिरलं की दोन्ही एकदम. आडनाव राव, म्हणून गिऱ्हाइकं ‘रायरे’ म्हणतात. माझी शिवण सरळ आहे, हे सगळे कबूल करतात. स्वभावाचं आमच्या सुलोचनेला विचारलंत तर ती वेगळंच काहीतरी सांगेल. तिचं ऐकू नका.

तर गोष्ट लोण्याची आहे.

मला आधी एक सांगा, ब्रेडला लोणी लावणं हे माणसाचं काम आहे का? खरं सांगा! फ्रिजमधून गोळा काढावा तर तो दगड. आणि ब्रेड? आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीचा, ताजा, इतका मऊ की नुसतं बोट टेकलं तरी खड्डा पडतो. सुरीनं दाबलं की लोणी जागचं हलत नाही, ब्रेड मात्र पुढं पुढं सरकतो. आणखी जोर लावला की मधोमध भोक! मग त्या भोकावर जॅम घाला. जॅम भोकातून बशीत, बशीतून मनगटावर, मनगटावरून बाहीत. शेंगांची चटणी लावून बघितली, ती तर लोण्यासकट सोलून येते. एका कोपऱ्यात ही एवढी ढेकळं, तीन कोपरे कोरडे ठणठणीत. याला काय खाणं म्हणायचं?

आणि सल्ले देणारे किती! सुलोचना म्हणते, “अहो, तासभर आधी बाहेर काढून ठेवत जा.” अगं, भूक काय तासभर आधी चिठ्ठी पाठवते? एकदा तिचं ऐकून ठेवलं बाहेर. एप्रिल महिना. तासाभरानं जाऊन बघतो तर लोणी नाहीच, वाटीत नुसतं पिवळं पाणी. “मग ब्रेड भाजून घ्या.” का म्हणून? भाजला की तो टोस्ट झाला. मला ब्रेड खायचाय आणि मी ब्रेडच खाणार!

बेंगळुरूहून मुलगा आला, तर प्लास्टिकचा डबा घेऊन. “अप्पा, हे फ्रिजमधून काढल्या काढल्या लागतं.” लागलं खरं. पण तोंडात घातलं तर मलम! मी त्याच्यादेखत तो डबा दुकानात नेला आणि शटरच्या खाचांना लावून टाकला. शटर अजून सुरेख चालतं. ब्रेडचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मी माघार घेणाऱ्यातला नव्हे. पण ज्या दिवशी मी ही लढाई जिंकली ना, नेमका तोच दिवस शिवण्णा मेष्ट्रूंचा होता.

मेष्ट्रू म्हणजे मास्तर. शिवण्णा मेष्ट्रू गणित शिकवायचे. माझा हाच मलमवाला मुलगा दहावीत गणितात गटांगळ्या खात होता, तेव्हा या माणसानं त्याला वर्षभर रोज संध्याकाळी आपल्या ओसरीवर बसवून शिकवलं. बदल्यात आमच्या घरची कॉफीसुद्धा घेतली नाही. “मुलगा पास होऊ दे, मग बघू,” म्हणायचे. मुलगा पास झाला, बँकेत लागला, आणि मेष्ट्रूंची कॉफी राहूनच गेली. सांगायचं काय, या माणसासाठी माझा जीव तुटतो.

हा माणूस जन्मभर पांढरा शर्ट आणि पांढरं पंचा-धोतर यावर राहिला. रिटायर व्हायच्या आधी महिनाभर दुकानात आले, काखेत राखाडी कापड. लाजत म्हणाले (आमचं बोलणं अर्थात कन्नडमध्ये, तुम्हाला मराठीत सांगतो), “रायरे, आयुष्यातला पहिला कोट. आणि बहुतेक शेवटचाही. शाळेत निरोपाचा समारंभ आहे. जुनी मुलं येणार आहेत. स्वल्प बरा दिसलो पाहिजे.”

“मेष्ट्रे,” मी म्हटलं, “असा शिवतो की मुलं तुम्हाला ओळखणार नाहीत!”

आणि शिवला हो! खोटं कशाला बोलू, तसा कोट मी स्वतःच्या मुलाच्या लग्नातसुद्धा शिवला नव्हता. समारंभ दुपारी चारला. मेष्ट्रू एक वाजता कोट न्यायला येणार. बारा वाजता माझं सगळं काम झालेलं, फक्त डाव्या छातीवर शेवटची इस्त्री बाकी.

आणि पोटात कावळे.

सुलोचना सकाळीच विठ्ठल मंदिरात भजनाला गेली होती, तिथून परस्पर समारंभाला येणार होती. जाताना पिशवी हातात देऊन म्हणाली, “आज डबा नाही. ब्रेड आहे, घरचं लोणी आहे. सुम्ने खाऊन घ्या, त्याच्याशी भांडत बसू नका.”

सुम्ने म्हणजे उगाच वाद न घालता, गपगुमान. हे मला सांगणं!

डबी उघडली. गोळा फ्रिजमधून निघाल्याला दोन तास झालेले, तरी लोण्याचा ताठा गेला नव्हता, आषाढातली थंडी होती. सुरी नाही, म्हणून कापड मोजायची पट्टी घेतली. पहिला घाव, पहिलं भोक. मी डोक्याला हात लावला आणि वळून बघतो तर टेबलावर इस्त्री! गरम! माझी वाट बघत असलेली!

आता नीट ऐका. कोटाच्या छातीत आम्ही बुकरम, म्हणजे आतलं ताठ कापड, बसवतो. कसं? कापडावर बुकरम ठेवायचं, त्यावर फडकं, वरून इस्त्री दाबायची. झालं! कडेपासून कडेपर्यंत एकसारखं बसतं, कुठं फुगा नाही, सुरकुती नाही. चाळीस वर्षं मी हेच करतोय. मग लोणी काय बुकरमपेक्षा मोठं लागून गेलं?

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. त्यावर ब्रेड. ब्रेडवर लोण्याचे चार तुकडे. वर ब्रेडचाच मेणकागद. आणि हलक्या हातानं इस्त्री फिरवली, रेशमावर फिरवतो तशी.

अय्यो! काय लागलं म्हणून सांगू! कागद उचलला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चारही कोपऱ्यांपर्यंत लोणी! भोक नाही, ढेकूळ नाही! मी दुकानात एकटा होतो, नाहीतर शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं असतं. उभ्या उभ्या खाल्ला आणि मनातल्या मनात सुलोचनेला, मुलाला, त्या डबेवाल्यांना, सगळ्यांना म्हटलं, बघा!

इथं थांबलो असतो तर आज तुम्ही माझा पुतळा बघितला असता. पण यश डोक्यात जातं ना. दुसऱ्या ब्रेडला मी कागद घेतलाच नाही. म्हटलं, आता कागद कशाला? थेट इस्त्री!

चर्र! धूर काय, वास काय! इस्त्रीच्या तळाला लोणी. म्हटलं, परवागिल्ला, काही बिघडत नाही. हाताला लागलं ते फडकं घेतलं, तळ खसाखसा पुसला, चकचकीत केला. दुसरा ब्रेडही खाल्ला. जरा करपला होता, पण चांगला होता, मी त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही.

मग हात धुतले, साबणानं! कोटाला हात लावायचा म्हणून दोनदा धुतले. बघा, केवढी काळजी! डावी छाती टेबलावर पसरली, फडकं पाण्यात बुडवून पिळलं, कोटावर घातलं, वर इस्त्री ठेवली आणि अंगाचा सगळा भार टाकून दहा आकडे मोजले.

सातव्या आकड्याला तुपाचा वास आला. मी म्हटलं, शेजारी कुणीतरी लोणी कढवतंय वाटतं.

फडकं उचललं.

तुम्ही हुशार आहात, तुम्हाला कळलं. मला मात्र तेव्हा कळलं. इस्त्री मी ज्यानं पुसली होती, तेच हे फडकं! मेष्ट्रूंच्या राखाडी कोटावर, डाव्या छातीवर, बरोबर काळजाच्या जागी, जेवणाच्या ताटाएवढा काळपट, तेलकट डाग!

खडू घासला, पावडर टाकली, टिपकागद ठेवून पुन्हा इस्त्री केली, त्यानं तो आणखी दोन बोटं वाढला. आणि दारात आवाज, “झाला का रायरे?”

त्या वेळी मी एक वाक्य बोलायला हवं होतं: मेष्ट्रे, माझं चुकलं. तीन शब्द! पण ‘चुकलं’ हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडत नाही हो. घशात येतो आणि अडून बसतो. मी काय केलं? कोट अस्तर बाहेर करून घडी घातली, कागदात बांधला आणि टेलरच्या अधिकारानं दरडावलं, “निघायच्या आधी उलगडायचा नाही! घडी मुरली पाहिजे. घाला आणि लगेच निघा.”

घडी मुरली पाहिजे! चाळीस वर्षांत मी असं काही ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलंय?

मेष्ट्रूंनी पुडकं दोन्ही हातांत धरलं, देवाचा प्रसाद धरावा तसं. “तुम्ही सांगाल तसं,” म्हणाले. “तुमच्यावर सोडलंय ना सगळं.” आणि घरी जायला बोगादीच्या बसला गेले. मला त्या वेळी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. हे हसण्यासारखं नाही, हे खरंच सांगतोय.

आशा एकच होती. आमच्याकडे सत्कार म्हणजे डोक्यावर म्हैसूरचा पेटा, गळ्यात हार, हातात फळांची परडी आणि अंगावर शाल. ती शाल एकदा पडली की छाती झाकली! शाल पडेपर्यंत निभावलं आणि ती शेवटपर्यंत जागेवर राहिली, की मेष्ट्रूंची लाज वाचली. मी ठरवलं, ती शाल हलू द्यायची नाही. मग काय वाटेल ते होवो.

पावणेचारला हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसलो. सुलोचना बायकांच्या बाजूला. मेष्ट्रू आले. कोट घातलेला, खांदे काय बसले होते! पण छातीशी एक भली मोठी फाईल कवटाळलेली. नमस्कार करतानाही सोडेनात. मी म्हटलं, बिचारे बावरलेत. बरंच झालं, फाईल असू दे.

पेटा झाला, हार झाला, शाल पडली. मी श्वास सोडला.

मग मेष्ट्रू बोलायला उठले आणि शाल डाव्या बाजूनं घसरायला लागली. माझा जीव वर! टेलरच्या कॉलरला नेहमी चार टाचण्या असतात. मी उडी मारून स्टेजवर चढलो, शाल वर ओढली आणि गळ्याशी टाचणी मारली.

मेष्ट्रू माझ्या कानात म्हणाले, “घट्ट लावा रायरे. आणखी घट्ट.”

मला नवल वाटलं, पण म्हटलं, थंडी वाजत असेल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला? हेडमास्तरांनी माईकवरून सांगितलं, “पाहा, याला म्हणतात प्रेम!” मी खाली आलो. पाच मिनिटांत मेष्ट्रूंनी हात जोडले, टाचणी सुटली. मी पुन्हा वर. दोन टाचण्या. पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदा मी खाली उतरलोच नाही, त्यांच्या खुर्चीमागं शाल धरून उभा राहिलो. हेडमास्तरांनी पुन्हा माईक घेतला. “आपल्या हातानं शिवलेला कोट, आणि त्यावरची शालसुद्धा चुरगळू देत नाहीत! अशी माणसं कुठं मिळतात?” समोर एक बाई पदरानं डोळे पुसत होती. मी घामानं निथळत होतो, ते त्यांना भक्तीचं वाटत असावं.

आणि मग फोटोग्राफर म्हणाला, “सार, शाल काढा. कोट दिसू दे.”

“बेडा!” मी ओरडलो. बेडा म्हणजे नको.

“बेडा!” मेष्ट्रूही ओरडले. त्याच क्षणी, माझ्याहून जोरात.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पण हेडमास्तर आता ऐकायच्या पलीकडे गेले होते. “रायरेंनी एवढ्या मायेनं शिवलेला कोट आम्ही बघायचा नाही? काय लाजता!” म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं एक एक टाचणी काढली आणि शाल उचलली.

सगळ्यांच्या माना पुढं आल्या.

दिव्यांच्या उजेडात तो डाग काय चमकत होता! मेष्ट्रूंनी झटकन त्यावर तळहात ठेवला. तळहातानं काय झाकणार? पुढच्या रांगेतली पोरं कुजबुजली, कुणीतरी हसलं, आणि मेष्ट्रूंची मान खाली गेली. छत्तीस वर्षं ज्या शाळेत मान वर करून शिकवलं, तिथं खाली गेली.

ते मला बघवलं नाही. मी हेडमास्तरांच्या हातातून माईक ओढून घेतला.

“कुणी हसायचं नाही!” मी गरजलो. “तो डाग माझा आहे! मेष्ट्रूंचा काही संबंध नाही! मी ब्रेडला लोणी लावत होतो, इस्त्रीनं! हो, इस्त्रीनं! माझं लोणी, माझी इस्त्री, माझा ब्रेड! त्याच फडक्यानं कोट दाबला, ही माझी चूक. माझं चुकलं! मेष्ट्रे, माझं चुकलं! आता हसायचं तर मला हसा!”

निघाला बघा शब्द. दोनदा निघाला.

मेष्ट्रूंनी मान वर केली. माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे… हे माझ्या दोशातलं बेण्णे नव्हे?”

बेण्णे म्हणजे लोणी. “कसलं बेण्णे?” मी विचारलं.

“अय्यो रायरे! तीन वाजता जुनी मुलं गाडी घेऊन आली, म्हणाली, सार, आधी बेण्णे दोसे खाऊ. तुम्ही सांगितलंत तसा कोट घाईत चढवला आणि निघालो. खाऊन उठतो तर हा डाग! दोसा लोण्यात न्हालेला होता, मला वाटलं मीच पाडलं. तेव्हापासून आमची गौरा माझ्यामागं लागलीय, आयुष्यात पहिला कोट घातला आणि तासभरात माखून घेतला म्हणून. आणि मला तर तुमच्याकडे बघवत नव्हतं! एवढ्या कष्टानं तुम्ही शिवलात, आणि मी असा! म्हणून फाईल, म्हणून शाल…”

ऐकलंत? हा माणूस काही बोलणार नव्हता! कुणालाच काही कळणार नव्हतं! मी गप्प घरी गेलो असतो तर मेष्ट्रूंनीच उद्या येऊन माझी माफी मागितली असती!

पण आता उशीर झाला होता. मेष्ट्रूंचा चेहरा उजळला, गणित सुटल्यासारखा. वळून बायकांच्या बाजूला हाक मारली, “गौरा! ऐकलंस का?”

शेवटच्या रांगेतून मेष्ट्रूंच्या बायको गौरम्मा म्हणाल्या, “काही ऐकू आलं नाही!”

“रायरे,” मेष्ट्रू माझा हात धरून म्हणाले, “पुन्हा एकदा सांगा. सावकाश. माईक तोंडाजवळ धरा.”

सांगितलं. काय करतो? उभा राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानंतर हेडमास्तर म्हणाले, फडक्याचं नीट समजलं नाही, म्हणून तेवढं परत सांगितलं. आता हॉलमध्ये हसायचं कुणी बाकी नव्हतं. सगळ्यांत जोरात मेष्ट्रू हसत होते, कोटाची छाती पुढं काढून, डागासकट. फोटो त्यांनी तसाच काढून घेतला.

एवढ्यात बायकांच्या रांगेतून सुलोचना उठली. सरळ स्टेजपाशी आली. चष्मा लावला. मेष्ट्रूंचा कोट वरून खाली, डावीकडून उजवीकडे नीट बघितला. मी म्हटलं, आता ही रडणार, नाहीतर मला सगळ्यांसमोर झापणार.

“किती एकसारखं लागलंय हो!” ती म्हणाली, आणि तेही कन्नडमध्ये, सगळ्यांना कळावं म्हणून. “कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही. पार कडेपर्यंत गेलंय. एवढ्या वर्षांत ब्रेडला एकदा तरी असं लावलंत का?”

हॉल हसून कोसळला. हेडमास्तर खुर्चीचा हात धरून खाली बसले. दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथं माईक ठेवून मागच्या दारानं पळाला असता.

मी पळालो? छे! मान ताठ केली, माईक तोंडाजवळ धरला आणि अख्ख्या शाळेसमोर तिला ठणकावून विचारलं, “मग? मी म्हणत नव्हतो, इस्त्रीनंच नीट लागतं म्हणून?”